नवाबाची लेक की फातमाबेगमची?

भारतातल्या पहिल्या बोलपटाची नायिका झुबेदा हिच्याबद्दल कुठेही चार ओळी छापून आल्या, तर त्यातली पहिली ठरलेली असते: ती सचिन संस्थानच्या नवाबाची मुलगी. दुसऱ्या ओळीत नवल असतं, की राजघराण्यातली मुलगी त्या काळात सिनेमात आलीच कशी! पुढे 'आलम आरा', १९३१, मॅजेस्टिक थिएटर, की संपला विषय. यातलं पहिलं वाक्य खोटं आहे असं म्हणायचं नाही. पण ते कुचकामी आहे. त्यातून झुबेदाचा एकही चित्रपट समजत नाही, तिला बोलपटाची नायिका का केलं हे कळत नाही, आणि चोविसाव्या वर्षाच्या आतच ती स्वतःची चित्रसंस्था काढते हेही उलगडत नाही. तिच्या आईचं, फातमाबेगमचं, नाव आधी घेतलं तर मात्र यातली प्रत्येक गोष्ट सरळ लागते. झुबेदाच्या आयुष्यात नवाबाचा वाटा कथेपुरता आहे; धंदा, भाषा आणि भांडवलाची अक्कल हा सगळा वारसा आईचा आहे.

तरीही नवाबापासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण ती गोष्ट मराठी वाचकाच्या फार जवळची आहे. झुबेदाचा जन्म १९११ सालचा, सुरतचा. त्या वेळचा सुरतच्या आसपासचा नकाशा म्हणजे ठिगळांची गोधडी होती. खुद्द शहर इंग्रजांचं. तापीकाठचं कामरेज बडोद्याच्या गायकवाडांचं, नवसारी प्रांतातला एक महाल. आणि शहराच्या दक्षिणेला सचिन, सिद्दी नवाबाचं. आज कामरेज चोकडीवरून मुंबईच्या दिशेनं निघून पलसाण्याला पश्चिमेकडे वळलं की तासाभरात सचिन येतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत, आणि अलीकडे उधना, पांडेसरा, लिंबायतच्या गल्ल्यांमध्ये खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं कापडाच्या धंद्यावर जगतात. पण सचिन संस्थान जन्माला आलं तेच मुळी पुण्याच्या दरबारी. सचिनचे नवाब जंजिऱ्याच्या सिद्द्यांच्या वंशातले. जंजिऱ्याच्या गादीवरून भाऊबंदकी झाली तेव्हा बाळूमियाँ हा वारस पेशव्यांच्या आश्रयाला आला. १७९१ साली त्यानं जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतजवळची, वर्षाला पाऊण लाखाच्या उत्पन्नाची गावं घेतली. गंमत अशी की गावं गेली आणि जंजिरा काही पेशव्यांना मिळाला नाही. तिथल्या सिद्द्यांनी तो सोडलाच नाही. शिवाजी महाराजांपासून हाती न आलेल्या त्या किल्ल्याची किंमत मोजून मराठ्यांच्या पदरात पडला तो कागद. सिद्द्यांना सुरत नवी नव्हती. मोगलांचे दर्यासारंग म्हणून त्यांचा तिथे राबता होता, आणि १७५९ साली इंग्रजांनी सुरतचा किल्ला घेतला तोही सिद्द्यांच्याच हातून. अशा या आफ्रिकी मुळाच्या घराण्यातले नवाब इब्राहिम मुहम्मद याकूतखान तिसरे हे झुबेदाचे वडील असं सर्वत्र सांगितलं जातं.

सांगितलं जातं, एवढंच. फातमाबेगम आणि नवाब यांच्या लग्नाचा किंवा कराराचा पुरावा पुढे आलेला नाही, आणि नवाबानं झुबेदा, सुलताना, शहजादी या फातमाबेगमच्या तिन्ही मुलींपैकी एकीलाही आपली मुलगी म्हणून मान्यता दिल्याची नोंद नाही. त्या काळच्या कायद्यानं आणि रिवाजानं मान्यता नाही म्हणजे नाव नाही, नेमणूक नाही, वारसा नाही. तिन्ही मुलींच्या पोटापाण्याचा प्रश्न आईच्या गळ्यात. तेव्हा 'राजकन्या सिनेमात आली' हे चित्र उलटं आहे. राजवाड्याचं दार बंद होतं म्हणून कमावणं भाग होतं. याच सुमारास याच टापूत, थोडं उत्तरेला, बडोद्यात अशीच एक गोष्ट घडली होती. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि बडोद्याच्या ताराबाई माने यांची मुलं पुढे वडिलांच्या नावानं नव्हे, तर माने आणि बडोदेकर या नावांनी गायली. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि हिराबाई बडोदेकरांनी भावंडांच्या साथीनं गाण्याबरोबर नाटक कंपनीही चालवली. हिराबाईंचं गाणं किराणा घराण्याचं, म्हणजे वडिलांचं, हे खरं. पण ते तिकीट लावून रंगमंचावर उभं करण्याची हिंमत ज्या घरातून आली ते घर आईचं होतं.

या घरांचा विचार केल्याशिवाय आपल्याकडच्या पहिल्या नट्यांचा विचार करता येत नाही. सर्वसाधारण समजूत अशी की सुरुवातीला बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, मग कोणी एक धीट स्त्री आली आणि वाट खुली झाली. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं हे खरंच आहे. 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच होते. पण 'राजा हरिश्चंद्र'च्याच वर्षी, १९१३ साली, फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला, तेव्हा पडद्यावर एकटी स्त्री आली नाही. मायलेकी आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई मुलीला घेऊन नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरत होत्या. सिनेमा हे त्याच फिरतीतलं आणखी एक काम. नऊ वर्षांनी, १९२२ साली, अर्देशीर इराणींच्या स्टार फिल्म कंपनीच्या 'वीर अभिमन्यू'त फातमाबेगम सुभद्रा झाली तेव्हा तिच्याही पाठीमागे उर्दू रंगभूमीवरची वर्षं होती, आणि तिच्याही पाठोपाठ मुली आल्या. घरात पुरुष कमावता नाही, किंवा असून उपयोगाचा नाही, आणि कला हाच रोजगार, अशा घरांतून आपला सिनेमा स्त्रिया उचलत होता.

जपानचं उदाहरण ताडून पाहिलं तर हे आपल्याच समाजाचं वैशिष्ट्य नाही हे दिसतं. तिथेही १९२० च्या आसपासपर्यंत पडद्यावरच्या बायका पुरुषच रंगवत, काबुकीच्या परंपरेनं आलेले 'ओयामा' नट. तिथेही रंगभूमीवर पहिलं मोठं नाव कमावणारी सादायाक्को मूळची गेशा, म्हणजे नाचगाण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली व्यावसायिक स्त्री. पती ओतोजिरो कावाकामीच्या नाटक कंपनीबरोबर अमेरिका आणि युरोप गाजवून ती परतली आणि १९०८ मध्ये तिनं नट्यांसाठी प्रशिक्षणशाळा काढली. 'घरंदाज' स्त्रियांनी बंड करावं आणि मग कला बहरावी, असा क्रम कुठेच दिसत नाही. ज्या बायका आधीपासून कलेवर पोट भरत होत्या त्या आधी आल्या, धंद्याची घडी बसवली, आणि मग प्रतिष्ठित घरांतल्या मुलींसाठी ती वाट चालण्याजोगी झाली.

फातमाबेगमचं वेगळेपण नटी होण्यात नाही. ते पुढच्या चार वर्षांत आहे. कोहिनूरसाठी आणि इतर कंपन्यांसाठी तिनं १९२४ च्या आसपास एकामागून एक चित्रपट केले: 'सती सरदारबा', 'पृथ्वीवल्लभ', 'काला नाग', 'गुलेबकावली'. बारा-तेरा वर्षांची झुबेदा त्यातल्या काहींमध्ये आईबरोबर होतीच, आणि १९२५ या एका वर्षात तर झुबेदाचे नऊ चित्रपट आले. मग १९२६ मध्ये फातमाबेगमनं स्वतःची 'फातमा फिल्म्स' काढली. तिचंच पुढे 'व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स' झालं. तिथला 'बुलबुल-ए-परिस्तान' हा भारतात स्त्रीनं दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. परीकथा, ट्रिक फोटोग्राफी, आणि भूमिकांत घरच्याच मुली. पाठोपाठ 'हीर रांझा', 'चंद्रावली', 'शकुंतला', 'मिलन दिनार', 'कनकतारा', 'नसीबनी देवी' असे चित्रपट १९२९ पर्यंत तिनं काढले. यात स्त्रीमुक्तीचा झेंडा शोधण्यापेक्षा हिशेब पाहावा. तीन नट्या घरात, चौथी आपण. दुसऱ्याच्या कंपनीत राबून पगार घ्यायचा की चौघींच्या नावावर जे तिकीट खपतं त्याचा नफा घरी ठेवायचा? मुंबईत तेव्हा कॅमेरा भाड्यानं मिळत होता, कंपन्या महिन्या-महिन्याला उघडत आणि बंद होत होत्या, आणि मूकपटाला अगदी अफाट भांडवल लागत नव्हतं. नाटक कंपनीच्या मालकिणीनं जो विचार केला असता तोच तिनं केला, फक्त रंगमंचाऐवजी पडदा होता.

यावर एक रास्त हरकत आहे. पहिली असणं म्हणजे चांगली असणं नव्हे. फातमाबेगमचे चित्रपट बरे होते की वाईट हे कोणी पाहिलंय? आज कोणालाच ते पाहता येत नाहीत. मूकपटांच्या काळात आपल्याकडे तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले असं धरलं जातं, त्यांतले अगदी मूठभर, तेही बरेचसे तुकड्यांतुकड्यांत, उरले आहेत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ ला सुरू झालं तोवर नायट्रेटची रिळं जळून, कुजून किंवा चांदीसाठी विकली जाऊन संपली होती. तेव्हा फातमाबेगम थोर दिग्दर्शिका होती असा दावा करायला जागा नाही, आणि तो मी करतही नाही. शिवाय तिची कंपनी तीन-चार वर्षांत मिटली हेही खरं. पण त्या काळातल्या कितीतरी पुरुषांच्या कंपन्या तितक्याही टिकल्या नाहीत. आणि बोलपट येताच जो खर्च वाढला त्यात घरगुती भांडवलावर चालणाऱ्यांचा निभाव लागणं कठीणच होतं. दिग्दर्शनाचा दर्जा मोजता येत नसला तरी दिग्दर्शनापर्यंत ती कशी पोचली हे स्पष्ट दिसतं: मालकीच्या वाटेनं. कोणा निर्मात्यानं 'बाईला संधी देऊन पाहू' म्हटलं नव्हतं.

बोलपट आला आणि आईचा दुसरा वारसा कामाला आला, तो भाषेचा. अर्देशीर इराणींनी 'आलम आरा' घेतला जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून. मूकपटांची सर्वांत मोठी नायिका तेव्हा सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स. पण तिची हिंदुस्थानी कच्ची होती, आणि भूमिका गेली झुबेदाकडे. नायक मास्टर विठ्ठल हा आपला मराठी गडी. मारामारीच्या मूकपटांचा राजा. या चित्रपटासाठी त्यानं शारदा कंपनी सोडली, खटला झाला, आणि त्याची बाजू कोर्टात मांडली बॅरिस्टर जिनांनी. पण विठ्ठलची हिंदुस्थानी इतकी तोकडी निघाली की त्याला बहुतेक चित्रपटभर गुंगीत आणि न बोलता ठेवावं लागलं! पहिल्या बोलपटाचा नायक मुका, आणि सगळा बोलण्याचा भार नायिकेवर. हा भार म्हणजे काय, हे चित्रीकरणाच्या तपशिलावरून कळतं. स्टुडिओजवळून रेल्वे जात होती, म्हणून गाड्या थांबल्यावर, रात्री एकनंतर पहाटेपर्यंत काम चाले. टॅनार यंत्रावर आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर एकाच वेळी उतरे, मागाहून सुधारायची सोय नाही. मायक्रोफोन कपड्यांत, सामानात लपवलेले. तबला-पेटीवाले कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर दडून बसलेले. आणि नटीनं त्या लपवलेल्या माइकपासून फार न हलता संवादही म्हणायचे आणि गाणंही गायचं, चुकलं की सगळं पहिल्यापासून. पार्श्वगायन अजून जन्माला यायचं होतं. ज्या मुलीनं लहानपणापासून उर्दू रंगभूमीची फेक घरात ऐकली तिला यात जी सोय होती ती सुलोचनेला नव्हती. सुलोचनेला हिंदुस्थानी शिकण्यासाठी थांबावं लागलं, आणि मग तिनं स्वतःचे जुने मूकपट बोलपट म्हणून पुन्हा केले. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकवर पोलिस बोलवावे लागतील अशी गर्दी उसळली, चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं, त्यात आवाजाचं नवल होतंच. पण तो आवाज कोणाचा, आणि तो तयार कुठे झाला, हा प्रश्न मात्र मागे पडला. नवाबाच्या घरीही उर्दूच बोलत असतील असं कोणी म्हणेल. बोलत असतील, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी जबान ही वेगळी कमाई असते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जपानचा पहिला यशस्वी संपूर्ण बोलपट लागला, हेइनोसुके गोशो यांचा 'मादामु तो न्योबो'. शेजारच्या घरातल्या गोंगाटानं लिहिता न येणाऱ्या एका नाटककाराची ती हलकीफुलकी गोष्ट. त्यात नाटककाराची बायको झाली होती किनुयो तानाका. झुबेदाहून दोन वर्षांनी मोठी, शिमोनोसेकी बंदरातली, वडील लहानपणीच गेलेली, ओसाकात मुलींच्या बिवा संगीतिका मंडळीत वाढलेली आणि १९२४ मध्ये चौदाव्या वर्षी शोचिकू स्टुडिओत भरती झालेली. विठ्ठलप्रमाणेच तिच्यापुढेही भाषेचा पेच होता. तोक्योच्या प्रमाण बोलीऐवजी तिच्या बोलण्यात गावाकडचा हेल येई. पण तोच हेल प्रेक्षकांना गोड वाटला आणि ती आणखी मोठी झाली. पुढे दिग्दर्शक मिझोगुचींच्या 'सैकाकु इचिदाई ओन्ना'मधल्या ओहारूच्या भूमिकेनं तिला जगभर नेलं. दोघींची सुरुवात इतकी सारखी, आणि पुढची वाट मात्र अगदी वेगळी. तानाका दिग्दर्शक झाली ती १९५३ मध्ये, 'कोईबुमी' या चित्रपटानं. तिच्याआधी जपानमध्ये एकच स्त्री कथापटाची दिग्दर्शक झाली होती, १९३६ मध्ये ताझुको साकाने. तानाकाचं नाव तेव्हा जपानभर दुमदुमत होतं. तरी तिच्या दुसऱ्या चित्रपटाला तिच्याभोवती इतके चित्रपट रचणाऱ्या मिझोगुचींनीच विरोध केला, आणि ओझूंसारख्या दिग्दर्शकांना पाठीशी उभं राहावं लागलं. जपानचा सिनेमा काही मोठ्या स्टुडिओंच्या हाती होता. दिग्दर्शक होणं म्हणजे उमेदवारी करत शिडी चढणं आणि संघटनेची मान्यता मिळवणं. मुंबईत ती शिडी नव्हती, म्हणून फातमाबेगमला सत्तावीस वर्षं आधी कोणाची परवानगी लागली नाही. आपला समाज जपानहून पुढारलेला होता असा निष्कर्ष यातून काढू नये. आपला धंदा विस्कळीत होता, आणि त्या विस्कळीतपणात कलावंत घरातल्या कर्त्या बाईला जागा सापडली.

आता सर्वांत अवघड हरकत. आईच्या कर्तबगारीचे गोडवे गाताना बारा वर्षांच्या मुलीला कॅमेऱ्यापुढे उभं केलं हे विसरायचं का? वर्षाला नऊ चित्रपट करणारी चौदा वर्षांची मुलगी शाळेत केव्हा गेली असेल? ही हरकत मला परतवता येत नाही, आणि परतवू नये. आईच्या नावावर चालणारी घरगुती कंपनी म्हणजे मुलीच्या श्रमावर आईचा ताबा. कलावंत घरांत मुलीचं लहानपण कमाईत जमा होणं हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि सिनेमानं ते पुढे नेलं. मराठीतलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण शोभना समर्थ यांचं. त्यांनी १९५० मध्ये स्वतः 'हमारी बेटी' काढून दिग्दर्शित केला आणि नूतनला पडद्यावर आणलं; पुढे पैशांच्या व्यवहारावरून मायलेकींत कित्येक वर्षं दुरावा राहिला. म्हणजे ज्या गोष्टीनं फातमाबेगमला मालकीण केलं त्याच गोष्टीनं मुलींना कामगार केलं. पण इथेही झुबेदाचा पुढचा प्रवास पाहायला हवा. 'मीराबाई', 'झरीना' अशा बोलपटांनंतर १९३४ मध्ये तिनं नानुभाई वकिलांबरोबर महालक्ष्मी मूव्हीटोन काढलं आणि 'गुलसनोबर', 'रसिक-ए-लैला'सारखे चित्रपट केले. ताब्यातून सुटताना तिनं अभिनय सोडला नाही, आई जे करत होती तेच स्वतःच्या नावानं केलं. मालकीचा धडा घरात गिरवल्याशिवाय हे सुचत नाही.

मग नवाबाचं लेबल इतकं घट्ट का चिकटलं? काही अंशी प्रसिद्धीसाठी. तिकीट विकायला राजरक्त नेहमीच उपयोगी पडतं, आणि स्टुडिओंनी ते वापरलं असणार. काही अंशी प्रतिष्ठेसाठी. दुर्गा खोटे १९३१ साली पडद्यावर आल्या आणि 'अयोध्येचा राजा'नं तारामती म्हणून घराघरांत गेल्या, तेव्हापासून मराठी लेखनात एक रेघ ओढली गेली: त्यांच्याआधीच्या त्या तसल्या, आणि त्यांच्यापासून सुशिक्षित, घरंदाज. खुद्द दुर्गाबाईंनाही घरच्या आर्थिक ओढग्रस्तीनंच कामाला लावलं होतं हे या रेघेखाली झाकलं जातं. या रेघेच्या अलीकडे राहिलेल्या नटीला पलीकडे घ्यायचं तर एक नवाब हवाच. भर म्हणून झुबेदानं पुढे हैदराबादच्या महाराज नरसिंगगीर धनराजगीर यांच्याशी लग्न केलं, त्यामुळे राजेशाहीची कथा मागे आणि पुढे दोन्ही टोकांनी जुळली. १९४९ चा 'निर्दोष अबला' हा तिचा शेवटचा चित्रपट. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं ती पडद्यापासून दूर जगली आणि १९८८ मध्ये मुंबईत वारली. फातमाबेगम तिच्या पाच वर्षं आधी गेली.

पण मुख्य कारण मला वेगळंच वाटतं. 'आलम आरा'ची एकही प्रत सापडलेली नाही. 'बुलबुल-ए-परिस्तान'चीही नाही. किनुयो तानाकाचे दिग्दर्शक म्हणून सहाच चित्रपट, पण ते सहाही शाबूत आहेत. अलीकडे ते दुरुस्त होऊन पुन्हा पडद्यावर दाखवले गेले, आणि तिच्यावर लिहिणारा माणूस आता तिच्या चौकटींविषयी, संवादांविषयी, तिनं बायकांकडे कसं पाहिलं याविषयी वाद घालू शकतो. झुबेदा आणि फातमाबेगम यांच्याबाबतीत काम पाहण्याची सोयच उरलेली नाही. काही स्थिरचित्रं आहेत, जाहिराती आहेत, गाण्यांच्या पुस्तिका आहेत. काम दिसत नाही तेव्हा माणसाची कुळकथा सांगितली जाते, आणि कुळकथेत आपल्याकडे बाप आधी येतो.